लाकूड किती पितं

लाकडाला जीभ लावून बघणारा माणूस मी एकच बघितला. माझं सगळं आयुष्य सुतारकामात गेलं. भिवंडीच्या बाजारातली दुकानं, दापोड्याच्या गोदामांतली ऑफिसं, अंबाडीकडचे बंगले, सगळीकडे दारं बसवली, कपाटं केली. पॉलिशवाले नाना तऱ्हेचे भेटले. कोणी बिडी ओढत काम करायचा, कोणी गाणी म्हणत. पण हा फळी हातात घ्यायचा, फुंकर मारून भुसा उडवायचा आणि कापलेल्या टोकाला चक्क चाटायचा. मग डोळे मिटून उभा. जरा वेळाने जीभ टाळूला लावून टक् करायचा आणि म्हणायचा, "हा बेवडा हाय."

म्हणजे ही फळी रंग जास्त पिणार. जी कमी पिणार ती माळकरी. जी आधी नको नको म्हणते आणि मग गपचूप सगळं ओढून घेते, तिला तो "जावई" म्हणायचा. लाकडाचं नाव, भाव, ते कुठल्या जंगलातलं, ह्याच्याशी त्याला घेणं नव्हतं. पितं किती, एवढंच विचारायचा. स्वतः मात्र थेंबाला शिवला नाही. दिवसभर स्पिरिटच्या वासात उभा, आणि संध्याकाळी कामावरचे बाकीचे बसायला लागले की हा डबा काखेत मारून गणेशपुरीची एसटी पकडायचा.

माणूस म्हणून फार चांगला होता असं मी म्हणणार नाही. डोक्याला ताप होता. बायको गेल्यापासून लोक मला सांगतात, तिच्याबद्दल बोला, मन हलकं होतं. मला नाही जमत. दोन वाक्यं झाली की मी उठून दुसरं काम काढतो. ह्याच्याबद्दल जमतं, म्हणून ह्याच्याबद्दल लिहितोय. ती मध्ये येईलच.

हा धंदा ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. पॉलिशच्या आधी लाकडाला स्टेन पाजावा लागतो. स्टेन म्हणजे पातळ रंग. तो वर बसत नाही, आत जातो. किती आत जाईल ते लाकडावर. जुनं सागवान हात आखडून पितं, नवं घटाघट पितं, आणि आडवं कापलेलं टोक तर पुरे म्हणतच नाही. त्यामुळे एवढ्या कामाला एवढा स्टेन हा अंदाज कोणाचाच नीट बसत नाही. बाकीचे पॉलिशवाले कमी पडला की दुसरा कालवायचे. उन्हात बघितलं की दोन दारांत फरक दिसायचा, गिऱ्हाईक जरा कुरकुरायचं, विषय संपायचा.

ह्याच्याकडे विषय संपायचा नाही. तो सगळ्या कामाचा स्टेन एकदाच कालवायचा. एका टाकीत, एका दिवशी, स्वतःच्या हाताने. त्यात नंतर थेंब वाढवायचा नाही आणि काम झाल्यावर थेंब उरवायचा नाही. टाकी उलटी करून दाखवायचा गिऱ्हाइकाला. ते बिचारं उलट्या टाकीकडे बघून काय बोलणार?

ही खोड त्याला कापडाने लावली होती. आधी तो भिवंडीत कापड रंगवायच्या कारखान्यात होता. तिथे एका लॉटचं कापड एका रंगाचं लागतं. दुसऱ्या लॉटला चिमूटभर फरक पडला तरी व्यापारी ठाण परत फेकतो. तो कारखाना बंद पडला आणि हा लाकडाकडे आला, पण येताना लॉट डोक्यात घेऊन आला. म्हणायचा, "दुसरा लॉट सावत्र असतो, मिस्त्री. कितीपन जेवू घाला, पंगतीत ओळखू येतो."

मी त्याला म्हटलं, अरे, हे घर आहे, कापडाचं ठाण नाही. कोण दोन दारं शेजारी ठेवून बघणार आहे? तर म्हणाला, घर म्हणजे ठाणच, फक्त घडी घातलेलं नाही.

अंदाज घ्यायची त्याची पद्धत तर आणखी भारी. फूटपट्टी, टेप काही नाही. काम धरण्याआधी तो एक दिवस त्या घरात नुसता येऊन बसायचा. सकाळी यायचा, कोपऱ्यात पाय दुमडून बसायचा आणि माणसं बघायचा. कोण कुठून आत येतं, कोण दार ढकलतं, कोण ओढतं, म्हातारं माणूस उठताना कशाला धरतं. विचारलं तर म्हणायचा, "हात कुटं लागतो ते बगतो." जिथे हात जास्त लागणार तिथे तो स्टेन दोनदा पाजायचा, कारण तिथलंच आधी उडतं. पण हे लोकांना कसं सांगणार? बाजारातल्या एका घरात मालकाच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "हा तुमचा मानूस चोर हाय का? सकाळपासून कपाटाकडं बगतोय." मी म्हटलं, नाही आजी, हा कपाटाला पाजणार आहे, म्हणून बघतोय. म्हातारीने त्या दिवशी कपाटाची किल्ली कमरेला लावली ती मला वाटतं मरेपर्यंत काढली नसेल.

दापोड्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याचं ऑफिस केलं. टेबलं, कपाटं, मालकाच्या पाठीमागची लाकडी भिंत, सगळं ह्याने एका रंगात आणलं. टाकी उलटी झाली. दुसऱ्या दिवशी मालकाला आठवलं की चपला ठेवायला एक फडताळ पाहिजे. मी अर्ध्या दिवसात करून दिलं. हा म्हणाला, मी रंगवणार नाही. मालक म्हणाला, जास्त पैसे घे. नाही. थोडा कालव, एवढंसं तर आहे. नाही. मी त्याला बाहेर घेऊन गेलो, चांगल्या चार शिव्या दिल्या. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "ते पोर ह्या घरात जन्माला आलं न्हाय. उगा बापाचं नाव कशाला लावायचं?" आणि डबा उचलून बसला एसटीत. शेवटी मीच त्या फडताळाला हिरवा ऑइलपेंट फासला. त्या ऑफिसात गेलात तर आजही सगळं तपकिरी आणि चपला हिरव्यात.

त्याचं चुकत नव्हतं असं नाही. अंबाडीला एका किराणावाल्याचा लाकडी गल्ला आणि मांडण्या होत्या. लाकूड एका बाजूने पावसात भिजून वाळलेलं. ह्याने चाटलं ते कोरड्या बाजूने. शेवटची मांडणी निम्मी झाली आणि टाकी संपली. वीतभर पट्टी पांढरी राहिली. मी म्हटलं, आता तरी कालव, बाबा. त्याने त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग पॉलिश पेपर घेतला आणि गल्ल्यापासून सगळं घासायला लागला. सगळं, जे झालं होतं ते पण. पुन्हा पांढरं करून नव्याने पाजलं. तेवढे दिवस त्या किराणावाल्याने रस्त्यावर गोणपाटावर बसून साखर विकली. हा त्याच्याकडचा चहा पण प्यायला नाही, म्हणाला, माझं काम व्हायचंय. जाताना घासून काढलेल्या चुकीच्या रंगाचा भुसा पण झाडून पिशवीत भरून घेऊन गेला. कशाला, ते मी विचारलं नाही. विचारून उपयोग नसायचा.

त्याच्या घरी मी एकदाच गेलो. वज्रेश्वरीला काम होतं, पाऊस लागला, एसटी आली नाही, म्हणून जवळच त्याच्या गावात मुक्कामाला गेलो. लग्न केलेलं नव्हतं. तो आणि त्याची आई, कुडाचं घर, पुढे भाताची खाचरं. मला वाटलं होतं ह्याच्या घरात लाकूड आरशासारखं असेल. दाराला पॉलिशचं बोट लागलेलं नव्हतं. करडं, उन्हापावसाने भेगाळलेलं सागवान. पण कडीच्या जरा खाली, तळहाताएवढी एक जागा काळीभोर, चकचकीत. मी बोट फिरवून बघितलं. असली चकाकी पॉलिशच्या चपडा लाखेने येत नाही.

"हे काय मारलंस?" मी विचारलं.

"मी न्हाय. आयचं हाय ते," तो म्हणाला.

म्हातारी आतून बाहेर आली. कमरेत वाकलेली, तोंडात दात नाही. येऊन तिने बरोबर त्याच जागी हात टेकवला आणि मला विचारलं, च्या घेशील ना? ऐंशीची असेल. पुढे वर्षभरात गेली. त्याने ते दार तसंच ठेवलं.

आता माझ्या घराचं.

सुताराच्या घरात लाकूड कसलं असतं? दुसऱ्याच्या घरात उरलेलं. आमच्या घरात मांडणी होती ती एका दवाखान्याच्या कामात उरलेल्या फळ्यांची. कपाटाचं एक दार एका शेटच्या बंगल्याचं, दुसरं एका शाळेच्या बाकाचं. चौकट कुठली, खिडकी कुठली. प्रत्येक तुकड्याचा रंग वेगळा. मला त्याचं काही वाटायचं नाही. फुकट आलंय, मजबूत आहे. बायको मात्र पाहुणे आले की कपाटावर चादर टाकायची. तोंडाने जास्त बोलायची नाही, पण एकदा बोलली ते बोलली. "हे घर हाय का गोधडी? लोकांची घरं एका रंगात करून देता. माज्या घराला एक रंग कवा मिळंल?"

दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही जुनं घर पाडून पक्कं बांधलं. मी तिला म्हटलं, आता गोधडी नाही. अंबाडीकडे एक जुनी भातगिरणी मोडत होते, तिथले सागवानी वासे घेतले. ते कमी पडले म्हणून थोडं नवं लाकूड. पुढचं दार, चौकटी, खिडक्या, मांडणी, कपाट, सगळं माझ्या हाताने केलं. तिने रोज येऊन बघितलं. एकच विचारायची, एका रंगात येईल ना? जुनं आणि नवं एकत्र आहे हे तिला कळत होतं. मला पण घोर होता. गिरणीचा वासा पक्का माळकरी आणि नवं लाकूड बेवडं. असल्या जोडीत भल्याभल्यांचा अंदाज फसतो. आणि तिला एवढंच हवं होतं आयुष्यात, माझ्याकडून तरी.

मी ह्याला बोलावलं. तो आला, सगळं चाटलं आणि नेहमीसारखा दिवसभर बसून राहिला. बायकोने त्याला विचारलं, "भावजी, जमंल ना एक रंग?"

"वयनी, तुमी तुमचं काम करा. मी बगतो," तो म्हणाला.

ती तिचं काम करत राहिली. तिची एक सवय होती. बाहेरच्या खोलीत माणसं बसली असली की ती बाहेर येऊन बसायची नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी राहायची, उजवा हात वर करून चौकटीला टेकवलेला. तिथूनच सगळं बोलायची, ऐकायची, मला टोमणे मारायची. सोयरीक ठरवायची असो नाहीतर भाजीचा भाव, सगळं चौकटीतून. त्या दिवशी पण ती तशीच उभी राहून त्याच्या आईच्या आजारपणाबद्दल विचारत होती. चहा तिनेच दिला. साखर किती, कधी विचारायची नाही. तो घोट घेऊन म्हणाला, सगळ्या भिवंडीत अंदाज येणारी बाई ही एकच. तिला एवढं बरं वाटलं की मला दोन दिवस ऐकावं लागलं.

मग त्याने टाकीत स्टेन कालवला. मी बघितलं आणि म्हटलं, जास्त होतोय. तो सरळ पाजायला लागला. जुन्याला उन्हात ठेवून, नव्याला आधी पाण्याचा हात देऊन, दोघांना एका रंगावर आणलं. चिंचेच्या जुन्या चिंचोक्यासारखा रंग. सगळं झालं तेव्हा बायको घरभर फिरली. पुढच्या दाराला हात लावला, मांडणीला लावला, खिडकीला लावला. मग जुन्या कपाटावर टाकायची ती चादर शोधून काढली आणि धुवायला टाकली.

आणि टाकीत स्टेन उरला होता. थोडाथोडका नाही, चांगला तीन बोटं. मला फार हसू आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच उरला होता. मी म्हटलं, टाकी उलटी करून दाखव की. तो म्हणाला, "चुकलं." एवढंच. दुसऱ्या दिवशी येताना पिशवीभर खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या घेऊन आला. तपकिरी काचेच्या, कुठल्यातरी दवाखान्यातून मागून आणलेल्या. धुऊन वाळवलेल्या. उरलेला स्टेन थोडा थोडा त्यांत भरला, प्रत्येकीचं तोंड चपडा लाखेने बंद केलं, सगळ्या एका खोक्यात उभ्या लावल्या आणि बायकोला सांगितलं की हा खोका माळ्यावर अंधारात ठेवा, ह्याला हात लावायचा नाही, मी येईन.

तो यायला लागला. दरवर्षी दिवाळीच्या आधी, साफसफाई चालू असताना. खोका खाली काढायला लावायचा, एका बाटलीची लाख फोडायचा, चिंधीचा बोळा करायचा आणि घरभर फिरून बघायचा. बाकी कुठे काही लागायचंच नाही. शेवटी स्वयंपाकघराच्या चौकटीशी यायचा. तिथे तिचा हात टेकून टेकून रंग उडालेला असायचा, पिवळं लाकूड दिसायला लागलेलं. त्या तळहाताएवढ्या जागेला तो ती बाटली पाजायचा. लावायचं, पुसायचं, वाळू द्यायचं, परत लावायचं. सगळी बाटली संपवूनच उठायचा. तेवढा वेळ बायकोला चौकटीत उभं राहायला मनाई. ती स्वयंपाकघरातून ओरडून बोलायची. दोघांचं चालायचं.

"भावजी, नवीन रंग आना की. हा शिळा झाला."

"वयनी, शिळा तुमचा च्या. रंग ताजा हाय."

मी मध्ये तोंड घालायचो. त्याला चिडवायचो की स्वतःची चूक खपवायला दरवर्षी एसटीचं तिकीट काढतो. तो मान हलवायचा. हो, चुकलं म्हणायचा. चौकटीवरची जागा परत बाकीच्या चौकटीसारखी होऊन जायची. एक रंग. बायको वाळल्यावर लगेच हात टेकवायची, जणू जागा कोणी घेईल.

ती मागच्या पावसाळ्यात गेली. काविळीचं निमित्त झालं. साठीची पण नव्हती. ह्यापेक्षा जास्त मी लिहीत नाही.

दहाव्याला, तेराव्याला सगळी माणसं आली. ज्यांची दारं बसवली होती ते पण आले. हा आला नाही. निरोप गेला होता त्याच्या गावात, मला माहीत होतं. मनात ठेवून घेतलं. म्हटलं, मरू दे. वयनी वयनी करत चहा पिणाऱ्याला यायला एक एसटी मिळाली नाही.

मुलगा कल्याणला असतो, सुनेचं पण तिकडेच काम. दोघं म्हणाली चला आमच्याकडे. मी गेलो नाही. मुलाने एकदा ती चौकट बघून म्हटलं, बाबा, इथला रंग गेलाय, मी माणूस बोलावून नीट करून घेतो. मी त्याच्यावर असा खेकसलो की तो चहा अर्धा टाकून उठला. त्याला काय माहीत. गेल्या दिवाळीनंतर ती जागा परत उडाली होती. पिवळ्या लाकडावर तिचीच बोटं होती. ती बुजवली की घरात तिचं टेकायचं काही उरणार नव्हतं. मी ठरवलं होतं, तिथे कोणाचा ब्रश लागू द्यायचा नाही.

आणि दिवाळीच्या आधी हा आला. नेहमीच्या वेळेला, डबा काखेत घेऊन. केस सगळे पांढरे झालेले, एक डोळा पाणी गाळत होता. आत येऊन कोपऱ्यात पाय दुमडून बसला. मी पाणी पण विचारलं नाही. तो घर बघत बसला, गिऱ्हाइकाकडे बसायचा तसा. मी स्वयंपाकघरात गेलो, बाहेर आलो, परत गेलो. मला त्याच्यासमोर बसवत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "तेराव्याला कुठे होतास?"

"माजं काम दिवाळीला असतं," तो म्हणाला. मग डबा पुढे सरकवत म्हणाला, "तवा आलो असतो तर नुसता रडलो असतो. खोका काढ."

मी म्हटलं, खोका काढणार नाही. त्या चौकटीला हात लावायचा नाही. तुझी चूक तुझ्या घरी घेऊन जा.

तो उठला, चौकटीशी गेला. मी पण मागे गेलो, खरंच सांगतो, हात धरायच्या तयारीने. त्याने बोट तोंडात घातलं, ओलं केलं आणि त्या पिवळ्या जागेच्या अगदी कडेला टेकवलं. ओल आत गेली. तो बघत राहिला.

"चूक न्हवती ती," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीच बगितलं मी, वयनींचा हात कुटं टेकतो. दर वरसाला एक बाटली धरली. वयनी ऐंशीच्या होईपत्तोर धरल्या."

मी त्याला धरायला उचललेला हात खाली घेतला.

"आयचं माप लावलं मी," तो म्हणाला. "आय ऐंशीची झाली. मला वाटलं, ही बाईपन तेवडी जाईल. अंदाज चुकला तो आता चुकला, मिस्त्री."

मी माळ्यावर चढून खोका खाली आणला. स्वतःच आणला, त्याने परत सांगितलं नाही. झाकण काढलं. एका बाजूच्या जागा रिकाम्या होत्या. बाकी खोका बाटल्यांनी भरलेला. तपकिरी काचा, लाखेने तोंडं बंद. तिची सगळी न आलेली वर्षं माझ्या हातात ओळीने उभी होती. किती होती ते मी मोजलं नाही. मोजणार पण नाही.

त्याला म्हटलं, घेऊन जा. कुठे तरी ओतून टाक.

तो खोक्याकडे बघत नव्हता. चौकटीकडेच बघत होता, तिच्या जागेच्या वर, वीतभर उंचीवर. तिथे बोट फिरवलं, वास घेतला.

"हा कोनाचा?"

मी वाकून बघितलं. तिथे चौकटीवर एक मळकट डाग पडला होता. तेलकट, तळहाताएवढा. पॉलिश मऊ पडायला लागलं होतं. मी हात वर करून तिथे टेकवला तर बरोबर बसला. पावसाळ्यापासून मी तिथे उभा राहत होतो आणि मला ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरात जायचं, तर तिथे कोणी नाही, बाहेर यायचं, तर तिथे कोणी नाही, म्हणून मधेच थांबायचं. हात आपोआप वर जात असणार. तिच्या हातावर नाही, जरा वर. मी उंच आहे तिच्यापेक्षा.

त्याने एक बाटली उचलली, लाख फोडली, चिंधीचा बोळा केला. मी बोलायला लागलो तर मला हाताने गप्प केलं.

"वयनीची जागा तशीच ऱ्हाईल. तिला मी हात लावनार न्हाय," तो म्हणाला. "तुजी भरतो. तुजा हात जड हाय, हिथं लवकर उडंल."

पॉलिश पेपरने त्याने माझा डाग हलका घासला आणि पाजायला लागला. लावायचं, पुसायचं, वाळू द्यायचं. खाली तिची पिवळी बोटं आणि वर त्याचा बोळा फिरतोय, पण एक थेंब खाली ओघळू दिला नाही. मी विचारलं, बाकीच्या बाटल्यांचं काय?

"हितंच ऱ्हातील. दर दिवाळीला एक. मी न्हाय आलो तर तू लाव, रीत बगितलीस." मग बोळा बाटलीत बुडवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ऐंशीपत्तोर धरल्यात. कोनाच्या का हातानं, खपायला पायजेत. मी उरवत न्हाय, तुला म्हाईत हाय."

बाटली संपेपर्यंत तो उठला नाही. मी मध्येच आत गेलो आणि चहा टाकला. बायको गेल्यापासून दुसऱ्या कोणासाठी टाकलेला पहिलाच. साखर अंदाजाने घातली. खोका परत माळ्यावर अंधारात ठेवला आणि दोन कप घेऊन बाहेर आलो. चौकट ओली होती म्हणून तिथे टेकता आलं नाही, त्याच्यासमोर जाऊन बसलो.

त्याने घोट घेतला, डोळे मिटले, जीभ टाळूला लावून टक् केलं. चहा पाकासारखा गोड झाला होता, मलाच पिववत नव्हता. त्याने सगळा कप संपवला, उलटा करून बशीत ठेवला आणि म्हणाला, "येईल अंदाज."